पडलेलं गाणं टॉप टेनमध्ये कसं पोचलं?

अमेरिकन गायक ख्रिस आयझॅकचं ‘विकेड गेम’ १९८९ मध्ये आलं, तेव्हा त्याकडे फारसं कुणी फिरकलं नाही. गाण्यात कॉर्ड्स फक्त तीन. त्याच शेवटपर्यंत फिरतात. खरी जादू जेम्स विल्सीच्या गिटारची! तिचा पहिलाच सूर हेलकावे खात येतो आणि अंगावर काटा येतो.

१९९० मध्ये डेव्हिड लिंचने ‘वाइल्ड ॲट हार्ट’ सिनेमात या गाण्याची धून वापरली. ती ऐकून अटलांटातल्या एका रेडिओ स्टेशनच्या संगीत प्रमुखाने मूळ गाणं लावायला सुरुवात केली. मग इतर स्टेशनांनीही ते उचललं.

१९९१ मध्ये गाणं बिलबोर्ड हॉट १०० मध्ये सहाव्या क्रमांकावर पोचलं. हवाईच्या किनाऱ्यावरचा, हेलेना क्रिस्टेनसनसोबतचा कृष्णधवल व्हिडिओ तर त्याहून गाजला. रेकॉर्डिंग मात्र तेच, १९८९चं.