आयनांची नावं आणि प्रभार : शेवटच्या अक्षरांकडे लक्ष द्या

मागच्या व्याख्यानात आपण आयन कसा तयार होतो ते पाहिलं. इलेक्ट्रॉन दिला की धन आयन, घेतला की ऋण आयन. आज त्यांची नावं आणि प्रभार लक्षात कसे ठेवायचे ते बघू.

मुळात हे इतकं महत्त्वाचं का? पोटाचा एक्स-रे काढण्याआधी काही वेळा रुग्णाला पाण्यात कालवलेलं बेरिअम सल्फेट प्यायला देतात. ते जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे तसंच बाहेर पडतं. त्याजागी बेरिअम सल्फाइड पोटात गेलं तर? ते जठरातल्या आम्लात विरघळतं, बेरिअम आयन मोकळे होऊन रक्तात जातात आणि जिवावर बेततं. म्हणून नावाचा शेवट नीट वाचायचा.

शेवटी 'आइड' आलं, की बहुधा एकाच मूलद्रव्याचा ऋण आयन : क्लोराइड, ऑक्साइड, सल्फाइड. हायड्रॉक्साइड आणि सायनाइड हे अपवाद. 'एट' आणि 'आइट' म्हणजे सोबत ऑक्सिजन आहे; 'एट'मध्ये जास्त, 'आइट'मध्ये कमी. सल्फेटमध्ये ऑक्सिजनचे 4 अणू, सल्फाइटमध्ये 3. प्रभार मात्र दोघांचा −2 च. तसंच नायट्रेट आणि नायट्राइट, दोन्ही −1.

आता प्रभार. सगळं घोकायची गरज नाही, निम्मं काम आवर्तसारणीच करते. सोडिअम, पोटॅशिअम पहिल्या गणात, म्हणून +1. मॅग्नेशिअम, कॅल्शिअम +2. अ‍ॅल्युमिनिअम +3. क्लोरीनच्या गणातले −1, ऑक्सिजन आणि गंधक −2. पाठ करायचे ते मुख्यतः सहा : अमोनिअम +1, हायड्रॉक्साइड −1, नायट्रेट −1, कार्बोनेट −2, सल्फेट −2, फॉस्फेट −3.

लोह, तांबे यांचे प्रभार दोन-दोन असतात. तिथे 'अस' म्हणजे कमी आणि 'इक' म्हणजे जास्त : फेरस +2, फेरिक +3, क्युप्रस +1, क्युप्रिक +2.

पाठ झालं की नाही, हे घरातल्या तुरटीवर तपासून बघा. तिच्यात पोटॅशिअम, अ‍ॅल्युमिनिअम आणि सल्फेट आहेत. +1 आणि +3 मिळून झाले +4. मग −2 चे सल्फेट किती लागतील? दोन. बेरीज शून्य आली, म्हणजे सूत्र जुळलं. हीच पद्धत वापरून पुढच्या वेळी आपण रेणुसूत्रं लिहू.