स्टिअरिंगखालची दांडी

कार्तिक महिना लागला, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातील रस्त्यांचे रूप पालटते. शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल या तालुक्यांतून ऊस कारखान्यांकडे निघतो आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री उशिरापर्यंत धावत असतात. याच रस्त्यांवरून एस. टी. गाड्या, दूध संघांचे टँकर आणि कोकणात उतरणाऱ्या मालमोटारी जातात. अशा गर्दीत वाहनचालकास आपला हेतू दुसऱ्यास कळविण्याचे मुख्य साधन म्हणजे स्टिअरिंगच्या चाकाखाली बसविलेली एक वीतभर दांडी होय. चालकाच्या बोटांना ती सहज सापडते. मात्र तिच्या पोटात काय घडते, हे फारच थोड्यांस ठाऊक असते.

पूर्वी वळण्याची खूण हात बाहेर काढून करीत. काही मोटारींच्या बाजूस रेल्वेच्या सिग्नलसारखा छोटा हात उचलला जाई. लुकलुकणारे दिवे कारखान्यातूनच बसवून देण्याची प्रथा अमेरिकेतील ब्यूक मोटारीने 1939 मध्ये पाडली. डिपरचे बटण मात्र त्यानंतरही कित्येक वर्षे चालकाच्या पायाशी असे. ते पायाने दाबावयाचे, आणि घाटात तोच पाय क्लचसाठीही हवा! पुढे वळणाचे दिवे, प्रखर व मंद झोत, काच पुसणी ही सारी कामे चाकाच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर आली. हात चाकावरून न काढता बोटानेच काम व्हावे, हा त्यामागील हेतू.

दांडी कोणत्या दिशेने हलवावी, याचा नियम सोपा आहे. चाक ज्या दिशेने फिरणार, त्याच दिशेने दांडी ढकलावयाची. उजवीकडे वळताना चाकाची उजवी बाजू खाली जाते व डावी बाजू वर येते. त्यामुळे दांडी उजव्या हातास असेल तर ती खाली, आणि डाव्या हातास असेल तर ती वर करावी लागते. 1983 च्या अखेरीस आलेल्या मारुती 800 मध्ये जपानी पद्धतीप्रमाणे ही दांडी उजवीकडे होती; युरोपीय बनावटीच्या अनेक गाड्यांत ती डावीकडे असते. एका गाडीची सवय झालेला चालक दुसऱ्या गाडीत वळताना काच पुसू लागतो, त्याचे कारण हेच.

वळण संपल्यावर दांडी आपोआप मधल्या जागी येते, हा या यंत्रणेतील खरा कौशल्याचा भाग. स्टिअरिंगच्या दांड्याभोवतीच्या कड्यावर एक उंचवटा असतो आणि दांडीच्या मुळाशी स्प्रिंगवर टेकलेली छोटी जिभली असते. चाक वळणाच्या दिशेने फिरत असताना उंचवटा जिभलीस बाजूस सारून निघून जातो. चाक सरळ होऊ लागले की तोच उंचवटा उलट बाजूने येऊन जिभलीस अडतो व दांडीस तिच्या खाचेतून बाहेर ढकलतो. मात्र त्यासाठी चाक पुरेसे फिरावे लागते. महामार्गावर पुढील वाहन ओलांडताना चाक जेमतेम हलते, उंचवटा जिभलीपर्यंत पोहोचतच नाही आणि दिवा मैलभर लुकलुकत राहतो. अनेक ट्रॅक्टरांवर व बहुतेक मोटारसायकलींवर तर ही सोयच नसते. तेथे दिवा आठवणीने बंद करावा लागतो.

दिवा लुकलुकविण्याचे काम दांडीचे नव्हे, तर फ्लॅशर नावाच्या वेगळ्या डबीचे. जुन्या डबीत वीजप्रवाहाने तापून वाकणारी पट्टी असे. ती वाकली की प्रवाह तुटे आणि निवली की पुन्हा जुळे. मिनिटास 60 ते 120 वेळा दिवा लागावा, असे प्रमाण आहे. अशा जुन्या फ्लॅशरवर ट्रॉलीच्या जादा दिव्यांचा भार पडला की वेग वाढतो, आणि एखादा दिवा गेला की तो मंदावतो किंवा लुकलुकणे थांबते. नव्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरमध्ये उलट रचना केलेली आढळते: दिवा गेला की टकटक दुप्पट वेगाने होते, जेणेकरून चालकाच्या कानास ते जाणवावे.

डिपरच्या बाबतीत एक घातक हौस आढळते. साठ वॉटचे दोन दिवे 12 व्होल्टवर सुमारे 10 अँपियर प्रवाह घेतात. त्याजागी शंभर वॉटचे दिवे लावले की प्रवाह 16-17 अँपियरवर जातो. मध्ये रिले नसेल तर हा सारा प्रवाह दांडीच्या नाजूक पितळी टोकांतून वाहतो आणि ती टोके जळतात. मग गगनबावड्याच्या धुक्यात झोत खाली करावयास जावे, तर दांडी हलते पण झोत हलत नाही.

यंत्र निर्दोष असले तरी खुणेचा अर्थ एकच असावा लागतो. उजवा दिवा लावून काही मालमोटारचालक मागील वाहनास ‘पुढे जा’ असे सुचवितात. कायद्याने मात्र त्याचा अर्थ ‘मी उजवीकडे वळत आहे’ असाच होतो. चौकातून सरळ जाण्यासाठी चारही दिवे लावण्याची रीत तर निव्वळ गैरसमजातून आली आहे. बाजूने येणाऱ्यास त्यांपैकी एकच दिवा दिसतो आणि गाडी आपल्याकडे वळत आहे, असे त्याला वाटते.

ताशी 60 किलोमीटर वेगाने येणारे वाहन तीन सेकंदांत 50 मीटर अंतर कापते. तेव्हा शेताच्या वाटेकडे वळणाऱ्या ट्रॅक्टरने निदान तेवढे आधी तरी खूण केली पाहिजे, आणि ती मागे दिसलीही पाहिजे. येथेच अडचण येते. ट्रॉलीबाहेर लोंबणारा ऊस मागचे दिवे झाकतो. चालकाचा हातही त्याआड जातो. ट्रॉलीस वीज नेणारी सात खिळ्यांची जोडणी चिखलाने भरते, कित्येकदा ती जोडलेलीच नसते. परतीच्या प्रवाहासाठी स्वतंत्र तार नसेल तर तो गंजलेल्या हुकातून जातो आणि दिवे मिणमिणतात. ही तपासणी दोन माणसांचे पाच मिनिटांचे काम आहे. ट्रॉली जोडून व ऊस भरून झाल्यावर, दिवेलागणीच्या सुमारास एकाने दांडी हलवावी आणि दुसऱ्याने 50 पावले मागे जाऊन पाहावे. दिवा दिसला नाही तर तो वर किंवा बाहेरच्या कडेला हलवावा आणि लोंबणारा ऊस छाटावा. परावर्तक पट्ट्यांना वीज लागत नाही. पण त्यांवरचा चिखल रोज पुसावा लागतो.