जामीन राहण्यापूर्वी

उर्दूत हमी म्हणजे ‘जमानत’ आणि ती देणारा ‘जामिन’. हा मूळ अरबी शब्द मराठीत आला आणि दोन्ही कामे करू लागला. आरोपीला कोर्टातून मिळतो तो जामीन, आणि कर्जदाराला आपण राहतो तोही जामीन.

आमच्या शिरगावात काय किंवा तळेगावात काय, पतसंस्थेचे कर्ज म्हटले की जामीनदार आलाच. ‘फक्त सही तर करायची आहे’ म्हणत भाऊ, मेहुणा, शेजारी पुढे होतात. पण भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम १२८ सांगते की, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले की संस्था थेट आपल्या दारात येऊ शकते. भरलेले पैसे कर्जदाराकडून मागण्याचा हक्क कायदा देतो. पण ज्याला हप्ता जमला नाही, तो आपल्याला कुठून देणार?

एका कर्जदार मय्यतीच्या जनाज्याची नमाज पढवायला प्रेषित (सल्ल.) तयार नव्हते. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी ते कर्ज स्वतःवर घेतले, तेव्हाच त्यांनी नमाज पढवली. सहीह बुखारीतील ही हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. जामीन राहणे ते हेच.

म्हणून सहीआधी विचारावे: रक्कम किती, मुदत किती, कर्ज व्याजाचे की बिनव्याजी? आणि घरी बसून एकच हिशोब करावा: सगळे आपल्यालाच फेडावे लागले तर झेपेल का? झेपणार नसेल, तर आजचा नकार उद्याच्या भांडणापेक्षा बरा.