दोन एकरांतली पाण्याची रेल्वे

१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. शहराला पाणी पुरवणारं मांजरा धरण कोरडंठाक पडलं होतं. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या, एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर.

हे पाणी पावसाच्या मापात मोजून पाहू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरभर जागेवर एक लिटर पाणी. एकराला चार हजार लिटरांहून थोडं अधिक. महसूल मंडलात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की सरकारदरबारी ती अतिवृष्टी ठरते. तेवढ्या पावसात दोन एकरांच्या वावरावर पाच लाख लिटरांहून जास्त पाणी पडतं. म्हणजे लातूरला आलेली ती पहिली अख्खी रेल्वे!

नुकसानभरपाईच्या निमित्तानं ६५ चा आकडा आपल्याकडे शेतकऱ्यांच्या तोंडी असतो, पण त्यामागचं विज्ञान मुलांना कोण दाखवतं? पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याचं कार्यालय आहे. १९२८ मध्ये ते सिमल्याहून आलं, म्हणून अजून त्याला ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. २३ मार्चच्या जागतिक हवामान दिनाला त्याची दारं सर्वांसाठी उघडतात आणि घरची मंडळी पोराबाळांसह उपकरणं बघतात. सकाळी साडेआठला ज्याची नोंद घेतात तो पर्जन्यमापक, वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या फिरत्या वाट्या, तापमान, आर्द्रता आणि दाब टिपत आभाळात वर जाणारा फुगा. हे सगळं लातूर-नांदेडच्या मुलांना आपल्याच गावात बघायला मिळायला हवं, असं मला फार वाटतं. अवकाळीचा, गारांचा, विजेचा मार तर त्यांच्याच वाट्याला येतो.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारांनी मराठवाड्यातली रब्बी झोडपली. गार कापून पाहिली तर आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. ढगातला वर चढणारा वारा गारेला तोलून धरतो. तिथं शून्याखाली जाऊनही न गोठलेले पाण्याचे थेंब तिच्यावर आदळून गोठतात. पाणी पटकन गोठलं तर हवा आत अडकते आणि थर दुधी दिसतो. सावकाश गोठलं तर पारदर्शक. वाऱ्याला वजन पेलेनासं झालं की गार खाली येते.

विजेचं गणित तर पाचवीतल्या पोरालाही जमतं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे आणि तीननं भागायचं. येईल तितके किलोमीटर वीज दूर. आकडा दहाच्या आत आला तर झाडाखालून निघून पक्क्या घरात जायचं. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर जवळपासच्या विजेचा इशारा देतं. पण रानात रेंज नसली, तरी सेकंद मोजता येतात.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात लेंडी नदीच्या पाणलोटात तुफान पाऊस झाला, गावांत पाणी शिरलं, माणसं गेली. म्हणून पुण्यासारखा हवामान दिन इथं मराठवाड्यात भरवायचा तर सुरुवात पावसाच्या मापापासून व्हावी. नांदेडच्या विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. तिथल्या आवारात पर्जन्यमापक मांडावा, पाणी ओतून मुलांकडून मिलिमीटर वाचून घ्यावेत आणि त्यांच्या आईवडिलांना आपापल्या वावराचे एकर विचारून लिटरांचा हिशेब तिथंच मांडायला लावावा.