पॅकेज काढण्याआधी रेकी

मागच्या भागानंतर इंदूर, बडोदे आणि हैदराबादहून एकच प्रश्न आला: डिस्क भरत आली आहे, नको असलेली सॉफ्टवेअर टर्मिनलमधून काढली तर चालेल का? चालेल. पण घरात एकच संगणक असेल आणि पेन्शनची कागदपत्रे, नातवंडांचे फोटो त्यातच असतील, तर आधी त्यांची प्रत पेन ड्राइव्हवर घ्या.

मी उबुंटूबद्दल बोलतो आहे. सीडॅकचे बॉस लिनक्सही डेबियनच्याच घराण्यातले, त्यामुळे तिथेही बहुतेक हेच लागू. आज्ञा उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप मात्र इंग्रजी लहान अक्षरांत करा.

'सुडो एपीटी रिमूव्ह' आणि पुढे पॅकेजचे नाव. आज्ञा एवढीच. धोका त्या नावामागून निघणाऱ्या रांगेत आहे. एक पॅकेज काढले की त्याच्या आधारावर उभी असलेली सगळी निघतात. 'मी कुठे प्रोग्रॅमिंग करतो' म्हणून कोणी पायथन ३ काढायला गेला, तर उबुंटूचा डेस्कटॉपच बिछाना गुंडाळून चालू लागतो.

म्हणून आधी रेकी. 'एपीटी डॅश एस रिमूव्ह' ही नुसती रंगीत तालीम आहे. यात काहीच काढले जात नाही, सुडोही लागत नाही, फक्त यादी येते. ती शेवटपर्यंत वाचा. एक नाव सांगितले आणि चाळीस निघाली, तर तिथेच थांबा.

खऱ्या वेळी संगणक विचारतो, पुढे जायचे का? कंसात मोठा वाय, छोटा एन. मोठे अक्षर म्हणजे गृहीत धरलेले उत्तर. नुसते एंटर दाबले तरी 'हो' समजतात. 'डॅश वाय' दिले तर हा प्रश्न बहुधा येतच नाही. कुठून उचललेल्या आज्ञेत ते दिसले तर खोडून टाका.

२०२१ मध्ये यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन पॉप ओएसवर स्टीम बसवत होते. हो, बसवत होते, काढत नव्हते! पॅकेजमधल्या दोषामुळे एपीटी डेस्कटॉप काढायला निघाले. इशारा देऊन त्याने 'येस, डू अॅज आय से!' हे पूर्ण वाक्य टाइप करायला सांगितले. त्यांनी केले, आणि डेस्कटॉप गेला. असे वाक्य मागितले गेले की कंट्रोल आणि सी दाबून बाहेर पडा.

'रिमूव्ह'ने प्रोग्रॅम जातो, सिस्टिममधल्या त्याच्या सेटिंग फायली राहतात. 'पर्ज'ने त्याही जातात. होम फोल्डरमधल्या तुमच्या फायलींना मात्र दोन्ही हात लावत नाहीत. निरुपयोगी उरलेल्या पॅकेजांसाठी 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह' आहे. त्याचीही यादी वाचायचीच.

फायरफॉक्सचे वेगळे आहे. उबुंटू २२.०४ पासून तो स्नॅप म्हणून येतो, म्हणून 'सुडो स्नॅप रिमूव्ह फायरफॉक्स'. यात बुकमार्कही जातात. ते आधी दुसरीकडे साठवा.

आणि काय काढले ते नंतर आठवेना, तर व्हार, त्यातले लॉग, त्यातले एपीटी या फोल्डरात हिस्टरी डॉट लॉग उघडा. तारीख, वेळ, आज्ञा, सगळी नोंद तिथे सापडते.