साकव का खचतो, वाट का झिजते?



कोकणातल्या कितीतरी वाड्यांतली मुलं एखादा वहाळ ओलांडून शाळेत येतात. त्या वहाळावरचा लहान पूल म्हणजे साकव. पूर्वी माडाची दोन-चार खोडं आडवी टाकली की साकव तयार व्हायचा. आता लोखंडी आणि सिमेंटचे साकवही आहेत. तो खचला की आपण फळ्यांना दोष देतो आणि फळ्याच बदलतो. पण दुखणं बऱ्याचदा खाली, पायात असतं. ते नीट समजून घेऊ या.

पाणी काय करतं?

साकवाच्या खांबांमुळे पात्र थोडं अरुंद होतं. तेवढंच पाणी कमी जागेतून जायचं म्हणजे त्याचा वेग वाढतो. वेग दुप्पट झाला, की खांबावरचा रेटा चौपट होतो. खांबाशी पाणी भोवऱ्यासारखं फिरतं आणि बुडाखालची वाळू, गोटे उकरून नेतं. पूर ओसरताना त्याच खड्ड्यात सैल गाळ बसतो, त्यामुळे वरून पाहिलं तर सगळं जागच्या जागी दिसतं. म्हणून पाणी उतरल्यावर मोठ्या माणसांनी खांबाच्या बुडाशी पहार खुपसून बघावी. ती सहज आत गेली तर समजा, पाया उघडा पडलाय.

दुसरी कमकुवत जागा म्हणजे दोन्ही काठांवरचा मातीचा भराव. अडकलेल्या फांद्या-ओंडक्यांमुळे पाणी तुंबतं, बाजूने वाट काढतं आणि भराव घेऊन जातं. मधला साकव शाबूत, पण त्याच्यापर्यंत पोचताच येत नाही! त्यामुळे पावसाळ्यात अडकलेला कचरा वेळोवेळी काढणं, पण पाणी उतरल्यावरच, ही सर्वात स्वस्त दुरुस्ती आहे.

वाटेचं काय?

उतारावरची पायवाट पायांनी दबून खोलगट होते. मग पावसाचं पाणी तिलाच ओहोळ समजून वाहू लागतं. अशा चरात नुसती माती टाकली तर पहिल्याच जोराच्या सरीत ती जाते. आधी पाणी वाटेबाहेर काढायचं. त्यासाठी वाटेवर तिरपे दगड पक्के रोवावेत आणि त्यांच्या खालच्या टोकाला पाणी बाहेर जायला चर ठेवावा. चढ जितका जास्त, तितके हे दगड जवळ-जवळ. फार चढ असेल तिथे जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडीच बरी. कडेला वाळा लावला तर त्याची खोल जाणारी मुळं माती धरून ठेवतात.

मुलांसाठी गणित

संथ पाण्याच्या दिवशी, मोठ्यांसोबत आणि काठावरूनच, 10 मीटर अंतर मोजा. पाण्यात नारळाचं सुकं सोडण टाका. ते 10 सेकंदांत पोचलं तर वेग सेकंदाला 1 मीटर. पुरात तेच अंतर 5 सेकंदांत कापलं गेलं, तर रेटा किती पट होईल? वर्गातच काढू द्या.

श्रमदान कुठपर्यंत?

वाट, चर, पाखाडी, वाळा ही कामं गावाने मिळून दिवाळीनंतर सुरू करून मृगाआधी संपवावीत. पाया, खांब आणि तुळया मात्र अभियंत्याला दाखवायलाच हव्यात. ग्रामसभेत ठराव करून ग्रामपंचायतीमार्फत तशी मागणी करा. 15 जून 2025 रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दी असताना कोसळला आणि 4 जणांचा जीव गेला. जुना पूल आजवर टिकला, म्हणून उद्याही टिकेल असं नसतं.

एक गोष्ट शाळा आणि पालकांनी जून उजाडण्यापूर्वीच ठरवून टाकावी. साकवावरून पाणी जात असेल, तर त्या दिवशी कुणीही ओलांडायचं नाही. पलीकडच्या मुलांची हजेरी आणि बुडालेला धडा कसा भरून काढायचा, तेही तेव्हाच ठरवा. "शाळा बुडेल" या भीतीने एकाही मुलाने पुराच्या पाण्यात पाऊल टाकता कामा नये.