काचेचे अडकलेले बूच: आधी कारण, मग उपाय

नाशिकमध्ये 1924 साली सुरू झालेल्या एच.पी.टी. महाविद्यालयापासून सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींपर्यंत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा ठिकठिकाणी आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जूनमध्ये महाविद्यालयीन प्रयोगशाळा पुन्हा उघडतात, तेव्हा महिनोन्‌महिने न हाताळलेल्या बाटल्यांची काचेची बुचे गच्च बसलेली आढळणे ही नित्याची अडचण असते. मात्र बूच कशामुळे अडकले हे न पाहता जोर लावला, तर बाटलीची मान तुटून आतील रसायन अंगावर येते.

अशा बाटलीच्या मानेची आतील बाजू आणि बुचाची बाहेरची बाजू घासून खरखरीत केलेली असते, आणि दोन्हींना सारखाच निमुळता उतार दिलेला असल्याने ती एकमेकींत घट्ट बसतात. या पृष्ठभागांमधील बारीक फटीत द्रावण शिरून सुकले, की त्यातील क्षार स्फटिकरूपाने तेथेच जमतात. कॉस्टिक सोडा, म्हणजेच सोडियम हायड्रॉक्साइड, याहून पुढे जातो. तो काचेतील सिलिकाशी संयोग पावून सोडियम सिलिकेट बनवतो आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कार्बोनेटही तयार करतो, त्यामुळे बूच जणू सिमेंटने जोडल्यासारखे होते.

सुरुवात सौम्य उपायापासून करावी. केवळ क्षार साचले असतील, तर बुचाभोवती पाण्याचे थेंब सोडून काही तास किंवा रात्रभर थांबावे, कारण केशाकर्षणाने, म्हणजे अरुंद फटीत द्रव आपोआप ओढला जाण्याच्या गुणधर्माने, पाणी आत जाऊन क्षार विरघळवते. परंतु पाण्याशी तीव्र क्रिया करणारे रसायन असल्यास हा उपाय वर्ज्य मानावा. त्यानंतर लाकडी ठोकळ्याने बुचाला आलटून पालटून दोन्ही बाजूंनी हलके ठोकावे.

तेवढ्याने बूच सुटले नाही, तर गरम पाण्यात भिजवलेले फडके फक्त मानेभोवती गुंडाळतात, जेणेकरून बूच तापण्याआधी मान प्रसरण पावते. साध्या सोडा काचेची 20 मिलिमीटर व्यासाची मान 50 अंश सेल्सिअसने तापली, तर तिचा व्यास सुमारे 0.009 मिलिमीटरने वाढतो आणि तेवढी वाढही बऱ्याचदा पुरते; बोरोसिलिकेट काचेत मात्र ही वाढ जेमतेम एक तृतीयांश असल्याने उष्णतेचा उपयोग कमी होतो. उलटपक्षी सोडा काच अचानक तापवल्यास तडकते, म्हणून पाणी क्रमाक्रमाने गरम करीत न्यावे. ज्वलनशील द्रवाजवळ ज्योत कधीही आणू नये, आणि तीव्र अमोनियाच्या बाटलीत उन्हाळ्यात वायूचा दाब साचत असल्याने ती तापवू नये, तर थंड करून मगच उघडावी.

जुन्या ईथरच्या बाटलीत किंवा तिच्या बुचाभोवती स्फटिक दिसले, तर तिला हातही लावू नये, कारण ते धक्क्याने स्फोट पावणारे पेरॉक्साइड असू शकतात. सुकलेल्या पिक्रिक आम्लाबाबतही हीच दक्षता घ्यावी आणि तज्ज्ञांना बोलवावे. इतर कोणतेही बूच काढताना संरक्षक चष्मा व जाड हातमोजे घालावेत, बाटलीखाली ट्रे ठेवावा आणि विषारी बाष्प निघणार असेल तर काम धूरकपाटात करावे.

यापेक्षा सोपा मार्ग प्रतिबंधाचा आहे: अल्कलीची द्रावणे प्लास्टिकच्या बाटलीत ठेवावीत, ओतल्यानंतर बाटलीची मान पुसावी, रिकाम्या बाटलीच्या बुचाखाली कागदाची पट्टी घालावी आणि सुट्टीपूर्वी प्रत्येक बूच एकदा फिरवून पाहावे. प्रयोगशाळेतील सर्वांनी ही सवय लावून घेतली, तर नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी बुचाशी झटापट करण्याची वेळ सहसा येणार नाही.